धाकूमामाची फटफटी घाट उतरते

धाकू तांडेलाने फटफटी घेतली आणि पहिल्याच दिवशी समुद्रात घातली, असं रत्नागिरीत अजून सांगतात. मिरकरवाड्यात म्हणतात, मांडवीला घातली. मांडवीला विचारा, ते भाट्याकडे बोट दाखवतात. भाट्याच्या एका माणसाने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे की पूर्णगडच्या धक्क्यावरून फटफटी पाण्यात गेली, तांडेल तिच्यावर तसाच बसून राहिला आणि पाय मारत मारत तिला अलीकडच्या तीराला घेऊन आला. गाडी तेव्हा चालू होती का, असं मी त्याला विचारलं. चालू होती म्हणाला. दिवासुद्धा लागत होता म्हणाला.

सगळं खोटं. मी तिथे होते. फटफटी पाण्यात गेली नाही, पिंजराच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, गंजीत गेली. ती गंजी समुद्रापासून पन्नास मैलांवर, मलकापूरच्या पलीकडे एका शेतकऱ्याच्या खळ्यात होती. आणि त्यात चूक मामाची नव्हती, मामीची होती. मामीची तरी कशी म्हणायची? मासेमारीच्या मचव्यावर वाढलेल्या कुठल्याही बाईने तेच केलं असतं.

धाकूमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. सोळाव्या वर्षी गलबतावर चढला तो एकोणपन्नासाव्या वर्षी उतरला. त्यातली वीस वर्षं तो तांडेल होता, म्हणजे गलबतावर सगळ्यांनी ऐकायचं ते त्याचं. मलबारातून कौलं आणि नारळ भरायचे, मुंबईला टाकायचे, जाताना मीठ न्यायचं. बुटका, रुंद माणूस. जमिनीवरही पाय फाकून चालतो, जणू रत्नागिरी कधी हलेल याचा नेम नाही. न्हाव्याकडे जायचं असलं तरी आधी दारात उभा राहून आभाळ बघतो. बोलतो थोडं, आणि बोलून झालं की शेवटी "ठरला" म्हणतो. "ठरला" म्हटल्यावर आजीसुद्धा वाद घालत नसे.

त्याची नक्कल मला फार चांगली येते. हनुवटी वर, डोळे बारीक, एक हात पाठीमागे न दिसणाऱ्या सुकाणूवर. ही नक्कल बघून मामीला हसता हसता ठसका लागायचा. मामा मात्र शांतपणे बघायचा आणि म्हणायचा, "हात वायच खाली. सुकानू खांद्याला नसता."

मग गलबतं बसली. माल ट्रकने जाऊ लागला, मालकाने गलबत विकलं, आणि मामा घरी आला. धाकटा भाऊ लवू याची लाकडाकोळशाची वखार होती. दादाने काट्यापाशी बसावं, वर छप्पर, खाली गादी, असं त्याने प्रेमाने सांगितलं. मामा एक दिवस जाऊन आला. त्या दिवशी तो अर्ध्या भाकरीवरच उठला. हात धुऊन झाल्यावर मला म्हणाला, "वर्सभर दोरानं बांदून ठेवलेली होडी बघितलीस, सखे? ती आतनं कुजते. वरनं कळत नाय."

काम त्याला हवं होतं ते वेगळंच. मच्छीमारांच्या सोसायटीला एक माणूस पाहिजे होता. पहाटे निघायचं, एकेका बंदराला जायचं, कुठे किती म्हावरा उतरणार ते बघायचं आणि बर्फाच्या ट्रकला गाठून सांगायचं की आज इकडे जा, तिकडे नको. येणाऱ्या मचव्याचं शीड कसं आहे, तो पाण्यात किती बुडालाय, एवढं बघून आत म्हावरा किती ते मामा किनाऱ्यावरून सांगू शकतो. सोसायटीला तोच हवा होता. अट एकच, संक्रांतीपासून कामावर यायचं आणि वाहन स्वतःचं पाहिजे.

वाहन म्हणजे फटफटी. मामाला सायकलसुद्धा येत नव्हती.

कमळामामी पाण्याला भीत नाही. लहानपणी बापाबरोबर मचव्यावर गेलेली बाई ती. पण रस्त्याला भीते. ती म्हणाली, "पान्यात पडला तर मानूस पवतो. रस्त्यात पडला तर काय पवनार?" दोन दिवस घरात हेच चाललं होतं. शेवटी तिने अट घातली. कोल्हापूरला एक गाडी विकायची आहे असं ट्रकवाले हुसेनभाई सांगत होते. सगळे जाऊ. गाडी बघा, शिका. पण येताना आंबा घाट तुम्ही स्वतः, त्या गाडीवर बसून उतरायचा. कुठेही पडलात, किंवा गाडी ट्रकात चढवावी लागली, तर गाडी त्याच ट्रकने परत कोल्हापूरला आणि तुम्ही लवूभाऊजींच्या काट्यापाशी.

मामाने आभाळ बघितलं. "ठरला," म्हणाला.

असे आम्ही डिसेंबरात हुसेनभाईंच्या ट्रकमधून निघालो. साल सत्तावन्न. मला घेतलं कारण मामीला घाटात बोलायला कुणीतरी हवं होतं. ट्रकात सुकट भरलेली. हुसेनभाई, मामी आणि मी पुढे, आणि मामा मागे पोत्यांवर, कारण त्याला वारा लागायला हवा. पालीला चहा प्यायला उतरलो तेव्हा हॉटेलवाल्याने आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं. सुकटीचा वास आम्हाला येत नव्हता, बाकी सगळ्यांना येत होता.

घाट चढताना मागून मामाचा आवाज येऊ लागला. तो कुणाशी बोलतोय असं मामीला वाटलं. मी डोकं बाहेर काढून ऐकलं. तो वळणं पाठ करत होता. वाकडा ऐन, उजवा. पान्याची धार, डावा. फुटका दगड, उजवा. आंबा गावात पोचल्यावर मी विचारलं, तर म्हणाला, नव्या खाडीत पहिल्यांदा शिरताना तांडेल खुणा धरून ठेवतो. येताना त्याच खुणा उलट्या क्रमाने लागतील, एवढं लक्षात ठेवायचं. हुसेनभाई गेली सहा वर्षं हा घाट चढत-उतरत होते. त्यांना वाकड्या ऐनाचं झाड कुठलं ते सांगता आलं नाही.

कोल्हापूरचे महिपतराव युद्धात लष्कराची डाक मोटारसायकलीवरून पोचवत. आता गुडघ्याने दगा दिला म्हणून गाडी विकायची होती, पण भलत्याच्या हातात द्यायची नव्हती. गाडी काळी कुळकुळीत. खाली कुठेतरी जुना खाकी रंग डोकावत होता. महिपतरावांनी मामाला डोक्यापासून पायांपर्यंत बघितलं आणि विचारलं, "सायकल येती न्हवं?"

"नाय."

"मग काय येतं?"

"गलबत."

महिपतरावांनी एकदा गाडीकडे बघितलं. मग आत तोंड करून चहा टाकायला सांगितला.

हुसेनभाईंना सुकट उतरवून गूळ भरायला तीन दिवस लागणार होते, तेवढीच शाळा. गावाबाहेर मैदान होतं. गाडी सुरू करणं मामाला पहिल्या लाथेला जमलं. तोल तर त्याला उपजतच होता; डोलणाऱ्या फळीवर तो तेहतीस वर्षं उभा राहिलेला. महिपतराव खूश झाले. मग म्हणाले, आता डावीकडं घ्या. मामाने ठामपणे हँडल उजवीकडे वळवलं. गाडी उजवीकडे निघाली आणि मामा डावीकडे. उठला, धूळ झटकली, परत बसला. उजवीकडं घ्या म्हटल्यावर डावीकडे वळवलं. परत तेच. संध्याकाळपर्यंत नऊ वेळा. एकदासुद्धा त्याच्या चेहऱ्यावर आपण चुकलो असं आलं नाही. गाडीच चुकतेय असं आलं.

महिपतराव मामीला म्हणाले, "वैनी, इटलीत तोफा चालू हुत्या तवा मी गाडी हाकली. तवा भ्या वाटलं न्हाई. आज वाटलं."

तुम्ही गलबत चालवलं नसेल तर सांगते. गलबताचं सुकाणू पाठीमागे असतं. त्याचा दांडा उजवीकडे रेटला की गलबताचं तोंड डावीकडे जातं. तेहतीस वर्षं मामाचे हात हेच करत होते. डावीकडे जायचं तर उजवीकडे रेट. ही गोष्ट डोक्यात असती तर काढता आली असती. ती हातांत होती.

संध्याकाळी महिपतरावांच्या अंगणात मामा गाडीसमोर उकिडवा बसला. मामी त्याच्या कोपराला हळद लावत होती आणि लवूभाऊजींच्या वखारीत वारा किती छान येतो ते सांगत होती. मामा ऐकत नव्हता.

"कमळे," तो म्हणाला, "ह्याचा सुकानू फुडं हाय."

"मग?"

"होडी वाळूत वडताना मी कुठं असतो?"

"तोंडाला. दुसरा कोन असतो तिथं?"

"आनि तोंड कुठं वळवतो?"

"जिकडं न्यायची तिकडं." मामीचा हळदीचा हात थांबला. चूक झाली हे तिला तेवढ्यात कळलं. तिनेच त्याला उत्तर दिलं होतं.

"झाला तर," मामा म्हणाला. "हा दांडा नाय. हा होडीचा तोंड हाय. धरायचा आनि न्यायचा. ठरला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मैदानाला तीन फेऱ्या मारल्या. एका झाडाला डावीकडून आणि एका म्हशीला उजवीकडून. तिसऱ्या दिवशी तो कोल्हापूरच्या रस्त्यावर होता. महिपतरावांची एकच तक्रार राहिली. तांडेल हॉर्न वाजवत नव्हता. समोर बैलगाडी आली की तो गलबतावरून ओरडतात तसा लांबलचक "होऽऽ" करायचा. पण उसाच्या गाड्या खरंच बाजूला होत होत्या, बैल आधी आणि गाडीवान नंतर, त्यामुळे ते काही बोलले नाहीत. गाडी देताना त्यांनी टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "पावनं, गाडी म्हंजी घोडं न्हवं. घोडं पडायच्या आदी इचार करतं. ही करत न्हाई. तुमीच करायचा." गाडी ट्रकात चढून माघारी आलीच तर परत घेईन, असंही ते मामीला हळूच सांगून बसले.

निघताना पुढे मामा, मागे गुळाने भरलेला ट्रक. पहिले दहा मैल मामी ट्रकातून मान बाहेर काढून बघत होती. मग तिची भीती जरा सैल झाली, किंवा हुसेनभाईंच्या बिडीने तिचं डोकं उठलं. बांबवड्याला थांबलो तेव्हा ती म्हणाली, सरळ रस्ता आहे तोवर मी मागे बसते. नऊवारीचा काष्टा आवळला आणि दोन बाजूंना पाय टाकून ऐसपैस बसली, मचव्याच्या काठावर बसतात तशी. हुसेनभाईंनी मान दुसरीकडे फिरवली, पण मिशीतलं हसू मला दिसलं.

सरळ रस्त्यावर दोघं छान गेली. मलकापूरच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो. मामाने गाडी डावीकडे कलवली. ट्रकातून मी स्पष्ट बघितलं, त्याच क्षणी मामी सगळी उजवीकडे झुकली. गाडी जरा थबकली, कुणाचं ऐकू असा विचार केल्यासारखी, आणि सरळ गेली. रस्ता सोडून, कुंपणाच्या फटीतून, खळ्यात, पिंजराच्या गंजीत. बाहेर फक्त मागचं चाक आणि मामीच्या लुगड्याचा पदर राहिला.

शेतकरी पाटी खाली ठेवून आला. त्याने चाक बघितलं, पदर बघितला, मग हुसेनभाईंना विचारलं, "कोकनात गाड्यास्नी पिंजार घालत्यात व्हय?"

कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. मामी गंजीतून उठली ती केसांत काड्या घेऊनच. पहिलं वाक्य: "जल्ला मेला तो रस्ता." दुसरं: "गाडी ट्रकात घाला."

हुसेनभाईंनी मामाकडे बघितलं. मीही बघितलं. ट्रकात चढवली की संपलं, हे सगळ्यांना माहीत होतं. मामाने गाडी मागे ओढून काढली, हँडलमधला पिंजार उपटला आणि घाट अजून आला नाही एवढंच म्हणाला. मामी म्हणाली, पडायचं नाही ही अट होती. मामा म्हणाला, अट घाटाची होती. मामी म्हणाली, सपाटीवर ही गत, घाटात तर गंजीसुद्धा नाही.

"वळनात तू काय केलास?" मामाने विचारलं.

"काय करनार? गाडी कलली. मी उलट्या अंगाला गेले. बापसानं शिकवलाय माज्या. शीड वाकला की दुसऱ्या अंगाला बसायचा. तुमाला नाय शिकवला कुनी?"

आणि मामा हसायला लागला. तीन दिवसांत पहिल्यांदा. गंजीला टेकून बसला आणि हसला. मग त्याने तिला समजावलं, पिंजराची एक काडी हातात धरून, अगदी प्रेमाने. मचवा कलतो तो आपल्याला नको असताना. म्हणून आपण त्याला सरळ करतो. ही कलते तीच वळण्यासाठी. तू तिला सरळ केलीस, म्हणून ती सरळ गेली. आणि सरळ गंजी होती.

मामीने ऐकून घेतलं. पटलं नाही. ट्रकात बसते म्हणाली. आंब्यापर्यंत मामा एकटाच पुढे चालवत होता, ताठ, एकदाही मागे न बघता. मामी मात्र त्याच्या पाठीवरून नजर काढत नव्हती. मध्येच म्हणाली, "वखारीत गेला तर घरी तरी बसंल मानूस." आणि मग बराच वेळाने, "घरी बसून काय करंल पन."

घाटमाथ्यावर हुसेनभाईंनी ट्रक थांबवला. इंजिनात पाणी घातलं, ब्रेक दाबून बघितले. खाली कोकण दिसत होतं, डोंगरांच्या पलीकडे डोंगर, आणि रस्ता दोन-तीन ठिकाणी चुकून सुटलेल्या दोरीसारखा. मामाने आभाळ बघितलं. मग ट्रकाच्या दारापाशी आला आणि मामीला म्हणाला, "उतर. मागं बस."

हुसेनभाई म्हणाले, "तांडेल, एकटे उतरा. अट तुमची हाय, बायची नाय. मी मागं हाय, पन मी थांबलो तरी ह्या गुळाच्या ढेपा थांबतील असा मी लिहून देत नाय."

मामाचं म्हणणं वेगळं होतं. तो मामीलाच सांगत होता. "ट्रकात बसलीस तर वळनावळनाला मी मेलो असाच तुला दिसंल. खाली पोचलो तरी तू म्हनशील, नशीब. मग रोज पाटे मी निगालो की तू दारात उभी. मना तसा नको. मागं बसलीस तर तुला कळंल."

"पडलो तर?"

"तर वखार. शब्द. जन्मात गाडीचा नाव काढनार नाय."

मामी उतरली नाही अजून. मामाने माझ्याकडे बोट केलं. "ही माजी नक्कल करते, बघतेस ना? तशी तू माज्या पाठीची कर. पाठ जाईल तिकडं जा. तुजा डोका लावू नको."

तेव्हा मी मोठ्याने हसले, आणि तेच पुढे मला भोवलं. मामी आणि नक्कल! गोष्ट सांगताना मामीचा राजा आणि मामीचा कावळा एकाच आवाजात बोलतात. आमच्या वाडीत सगळ्यात वाईट नक्कल मामीची, हे मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. तिसऱ्या वळणाला ती उलटी झुकणार, पाहिजे तर पैज लावा.

मामाने डोळे बारीक केले. "लाव. ती उलटी झुकली तर संक्रांतीला तुला ह्या गाडीवरनं पावस गावाला नेऊन आनीन. नाय झुकली तर शिमगा येईस्तोवर माजी नक्कल बंद."

"घरात पण?"

"घरात, विहिरीवर, शाळेत. ठरला."

मामी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आपल्यावर पैज लागली हे तिला आवडलं नाही. पण मी हरेन असं मामा सोडून कुणालाच वाटत नाही, हे तिला त्याहून आवडलं नाही. ती उतरली, काष्टा आवळला आणि बसली.

मामाने उतार लागायच्या आधीच गाडी खालच्या गिअरात टाकली. वारा यायच्या आधी शीड कमी करायचं, आल्यावर नाही, हे तो नेहमी सांगायचा. ट्रक मागोमाग. पहिल्या वळणाच्या आधी त्याचा आवाज आला, गलबतावरचा, मोठा आणि सपाट:

"फुटका दगड, डावा."

आणि लगेच मामीचा:

"फुटका दगड, डावा."

मी हुसेनभाईंकडे बघितलं. हे माझ्या हिशोबातच नव्हतं. गलबतावर काय, मचव्यावर काय, तांडेलाने हुकूम दिला की खलाशी तो तसाच मोठ्याने परत म्हणतो, म्हणजे ऐकला हे वर कळतं. मामीच्या बापाने तिला शिडाबरोबर हेही शिकवलं होतं. आणि हुकूम तोंडाने म्हटला की अंग त्याच्यामागून जातंच. दोघांच्या पाठी डावीकडे कलल्या. मामीची जरा उशिरा, मान काठीसारखी ताठ, पण कलली. गाडी वळली.

"पान्याची धार, उजवा."

"पान्याची धार, उजवा."

तिसरं वळण गेलं. चौथं गेलं. मामीचा आवाज दर वळणाला खाली उतरत होता, सपाट होत होता. सहाव्या वळणाला मला कळेना की आधी कोण बोललं आणि नंतर कोण.

मग खालून एस.टी. आली. अगदी वाकड्या ऐनापाशी, जिथे रस्ता डोंगराच्या पोटात वळतो. हुसेनभाईंनी हॉर्न दाबून धरला, एस.टी.वाल्याने त्याचा दाबला, आणि त्या गोंगाटात मामाचा हुकूम बुडाला. त्याचे ओठ हलताना मी बाजूने बघितले. मामीने काहीच परत म्हटलं नाही. तिला काही ऐकूच आलं नव्हतं. हुसेनभाईंचा पाय ब्रेकवर गेला आणि मागे ढेपा सरकल्या. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही, मध्ये एस.टी. मामा डोंगराला चिकटला आणि गाडी डावीकडे कलली. मी मामीच्या पाठीकडे बघत होते. आता ती सरळ होणार होती. मी असते तर झाले असते.

ती पाठ मामाच्या पाठीबरोबर गेली, दोन माणसांनी एकच घोंगडी घेतल्यासारखी. एस.टी.च्या खिडकीतून एका बाईने "आवशीचा" म्हणून तोंडावर हात ठेवला. आणि पलीकडून, धूर आणि धुळीतून, मामीचा आवाज आला, कुणी न विचारता:

"वाकडा ऐन, डावा. झाला."

हुसेनभाईंनी ब्रेकवरून पाय काढला. "शिमगा कदी हाय गो यंदा?" त्यांनी मला विचारलं. 

साखरप्याला चहाच्या दुकानापाशी दोघं आमच्या आधी पोचली होती. मामाने एकदाही पाय टेकला नव्हता. आता मात्र दोन्ही पाय टेकून तो गाडीवरच बसून राहिला होता, आणि मामी उतरून पदर झटकत होती. ती काय बोलणार, याची तो वाट बघत होता. त्याचा चेहरा मी एवढा गप्प कधी बघितला नाही. गलबत विकलं त्या दिवशीही नाही.

मामीने आधी केसांतली एक पिंजराची काडी काढली. मग विचारलं, "त्या सोसायटीच्या कामाला निगायचा किती वाजता असता?"

"चारला."

"म्हंजे भाकरी तीनला टाकाया होव्यात," ती म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली.

मामाने आभाळाकडेही बघितलं नाही, "ठरला"ही म्हणाला नाही. नुसता उतरला आणि गाडी भिंतीला नीट टेकवून ठेवली. मग परत जाऊन आणखी नीट ठेवली.

चहावाल्याने दोघांची गाडी बघितलेली. बाईमाणूस घेऊन घाट उतरलात, कसं काय, असं त्याने मामाला विचारलं. पण उत्तर मामीने दिलं. बाकावरून उठली. पाय फाकून उभी राहिली. हनुवटी वर केली, डोळे बारीक केले, एक हात पाठीमागे नेला, खांद्याला नाही, बरोबर कमरेपाशी, आणि मामाच्या आवाजात, त्या मोठ्या सपाट आवाजात म्हणाली, "वाकडा ऐन, डावा." हुसेनभाईंच्या नाकातून चहा आला. आतली दोन गिऱ्हाइकं बाहेर आली, आणि मामीने त्यांना पहिल्यापासून करून दाखवलं.

चांगली होती. पण शेवटचा हेल तिने जरा चुकवला. "डावा" म्हणताना मामा "वा" तोडतो, ओढत नाही. मी दाखवायला उठले, हनुवटी वर केली.

बाकाच्या टोकाला बसलेल्या मामाने बशीतला चहा संपवला आणि माझ्याकडे न बघता एक बोट वर केलं.

"शिमगा," म्हणाला.

मी खाली बसले. अजून संक्रांतसुद्धा यायची होती.